अजून एक कोर्स कशासाठी?

ओटीपोटात, जांघेत, वृषणांत किंवा वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत महिनोन्महिने दुखतंय, ही तक्रार घेऊन एखादा पुरुष दवाखान्यात गेला की पुढे काय होणार हे आता ठरूनच गेलं आहे. लघवीची तपासणी, सोनोग्राफी, ‘प्रोस्टेटला थोडी सूज दिसते’ हे वाक्य आणि अँटिबायोटिकचा कोर्स. त्यानं उतार पडला नाही तर दुसरा कोर्स, मग महिनाभराचा तिसरा. तेवढ्यानंही भागलं नाही की डॉक्टर रिपोर्टची फाइल मिटतात आणि सांगतात, सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका. रुग्ण अविवाहित असेल तर लग्नाचा सल्ला, विवाहित असेल तर चार दिवस बाहेरगावी जाऊन येण्याचा. खुर्चीत अर्धा तास धड बसता न येणारा तो माणूस गोल उशी काखेत मारून पुन्हा ऑफिसला जातो.

या सगळ्यामागची समजूत अगदी थोडक्यात मांडता येते. पुरुषाचं ओटीपोट दुखतं म्हणजे प्रोस्टेट दुखते. प्रोस्टेट दुखते ती जंतूंमुळे. जंतू गोळीनं मरतात. आणि गोळी घेऊनही जे दुखणं थांबत नाही, ते माणसाच्या डोक्यातलं. ही साखळी इतकी सोयीची आहे की डॉक्टर, रुग्ण, रुग्णाची बायको आणि औषधाचा दुकानदार असे सगळेच तिच्यावर विश्वास ठेवून बसले आहेत. तिची प्रत्येक कडी कच्ची आहे आणि हे गेली पंचवीस वर्षं वैद्यकाला माहीत आहे. तरीही ती तुटत नाही, याचा मला संताप येतो.

जंतूंपासून सुरुवात करू. १९९५ साली अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्यसंस्थेनं तज्ज्ञांना एकत्र बसवलं आणि ‘प्रोस्टेटायटिस’ या एका नावाखाली कोंबलेल्या दुखण्यांची चार गटांत फोड केली. पहिला गट अचानक उद्भवणाऱ्या जंतुसंसर्गाचा. यात थंडी वाजून ताप येतो, लघवी अडकते, रुग्णाला तातडीनं दाखल करावं लागू शकतं. दुसरा गट जुनाट जंतुसंसर्गाचा. यात तोच जंतू लघवीत पुन्हा पुन्हा सापडतो. चौथ्या गटात त्रास काहीच नसतो, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सूज दिसते एवढंच. उरला तिसरा. गेल्या सहा महिन्यांपैकी निदान तीन महिने दुखणं आहे, आणि तपासूनही जंतू सापडत नाहीत. याला क्रॉनिक पेल्व्हिक पेन सिंड्रोम म्हणतात. प्रोस्टेटायटिसचा शिक्का बसलेल्या दहा पुरुषांपैकी नऊ जण या तिसऱ्या गटातले असतात. म्हणजे कोर्स लिहून दिला जातो तो दहातल्या एकाचा आजार समोर ठेवून, आणि गिळतात दहाही जण.

यावर ठरलेलं उत्तर येतं: तपासणीत सापडला नाही म्हणून जंतू नाहीच असं कशावरून? कुठेतरी खोलवर लपला असेल. हा प्रश्नही विचारून झाला आहे आणि त्याचं उत्तरही मिळालं आहे. २००३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या संशोधकांनी हे दुखणं असलेल्या ४६३ पुरुषांचे आणि असा काहीच त्रास नसलेल्या १२१ पुरुषांचे नमुने ताडून पाहिले. प्रोस्टेटच्या जागी रोगकारक जंतू मिळाले ते दुखणाऱ्यांपैकी ८ टक्क्यांत आणि न दुखणाऱ्यांपैकी ८.३ टक्क्यांत. जंतू दोन्हीकडे सारखेच असतील तर दुखण्याचा दोष त्यांच्या माथी कसा मारणार? आपल्याकडे याहून वाईट प्रकार चालतो. वीर्याचं कल्चर करतात, त्यात मूत्रमार्गातले किंवा त्वचेवरचे नेहमीचे जंतू वाढतात, आणि तो कागद रुग्णाच्या हातात पुरावा म्हणून ठेवला जातो. आयुष्यभर तो माणूस स्वतःला ‘इन्फेक्शनवाला’ समजत राहतो. बायकोला लागण होईल या भीतीनं तिच्यापासून लांब झोपतो.

मग औषधाचीच परीक्षा घेऊ. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १९६ पुरुषांना सहा आठवडे सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक, लघवीची वाट मोकळी करणारं टॅमसुलोसिन, दोन्ही मिळून, किंवा नुसती साखरेसारखी निष्क्रिय गोळी देण्यात आली. कोणाला काय दिलं हे रुग्णांनाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही. खऱ्या गोळ्या निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. त्याआधीच्या वर्षी लेव्होफ्लॉक्सासिनचा निकाल तसाच लागला होता. २००८ साली टॅमसुलोसिनच्याच जातीचं अल्फुझोसिन २७२ पुरुषांवर बारा आठवडे वापरून पाहिलं; तेही निष्क्रिय गोळीच्या पुढे गेलं नाही. हे निकाल कोपऱ्यातल्या मासिकात दडलेले नाहीत. जगातल्या सर्वांत जास्त वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकांत त्यातले काही छापून आले आहेत. ज्या मूत्ररोगतज्ज्ञाच्या भिंतीवर परदेशातल्या परिषदांची प्रमाणपत्रं लागली आहेत, त्यानं ते वाचलेले नाहीत असं आपण मानायचं का?

‘पण कोर्स घेतला की काही जणांना बरं वाटतं,’ असं म्हणतात, आणि ते खरंच आहे. त्याची कारणं मात्र जंतूंशी संबंधित नाहीत. हे दुखणं स्वभावतःच चढतं आणि उतरतं. माणूस दवाखान्यात जातो ते दुखणं टोकाला पोचल्यावर, त्यामुळे पुढचे पंधरा दिवस उताराचे असण्याची शक्यता मोठी. शिवाय सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीच्या काही अँटिबायोटिक्सना सूज कमी करण्याचा थोडा गुणही आहे. आणि कोणीतरी आपल्याला काहीतरी दिलं यानंच दुखणं हलकं होतं, हे तर निष्क्रिय गोळीच्या गटानं दर वेळी दाखवून दिलं आहे. पण महिन्या-दीड महिन्यानं दुखणं परत येतं आणि रुग्ण म्हणतो, इन्फेक्शन पुन्हा झालं. पुन्हा कोर्स. हे चक्र पाच-सात वर्षं चाललेले पुरुष महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्याच्या गावी भेटतील.

आणि या गोळ्या निरुपद्रवी नाहीत. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन ज्यात मोडतात त्या फ्लुओरोक्विनोलोन गटातल्या औषधांवर अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००८ साली स्नायुबंध तुटण्याच्या धोक्याचा सर्वांत कडक इशारा छापायला लावला. २०१३ साली हातापायांच्या मज्जातंतूंना होणाऱ्या, कधी कायमच्या राहणाऱ्या इजेचा इशारा आणखी ठळक केला. २०१६ साली साध्या संसर्गांत दुसरा पर्याय असेल तर ही औषधं टाळा, असंच सांगितलं. ज्याचे मज्जातंतू आधीच दुखण्यानं पेटले आहेत, त्याला मज्जातंतू बिघडवू शकणारं औषध आठवडेच्या आठवडे द्यायचं, तेही नसलेल्या जंतूसाठी? दुसरीकडे मूत्रमार्गाच्या संसर्गातला नेहमीचा जंतू, ई. कोलाय, भारतात या औषधांना मोठ्या प्रमाणात जुमानेनासा झाला आहे. आज वाया घातलेला कोर्स उद्या कोणाच्या तरी खऱ्या तापात कामी यायचा होता.

एवढं मान्य करतो: जंतू खरोखर असतात तेव्हा अँटिबायोटिक हवंच, आणि वेळेवर हवं. ताप, लघवीतून रक्त, वृषणात गाठ, वजन उतरणं, लघवी अडकणं किंवा मांड्यांच्या आतल्या भागाला बधिरपणा येणं यातलं काहीही असेल तर तपासणी ताबडतोब व्हायला पाहिजे. आपल्याकडे मूत्रमार्गाचा क्षयही विसरून चालत नाही. पण ही सगळी कारणं तपासून बाजूला काढल्यावर जो उरतो, त्याचं काय? वैद्यकाची खरी जबाबदारी तिथून सुरू होते, आणि नेमकी तिथेच फाइल मिटली जाते.

आता ‘सगळं नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत’ या वाक्याकडे येतो. या विषयातलं हे सर्वांत क्रूर वाक्य आहे. सोनोग्राफीत प्रोस्टेटचा आकार दिसतो, लघवीत पेशी दिसतात, रक्तात पीएसए हे प्रोस्टेटचं प्रथिन मोजता येतं. यातल्या एकाही तपासणीत स्नायूचा ताण दिसत नाही, मज्जातंतूची अतिसंवेदनशीलता दिसत नाही. जे यंत्र एखादी गोष्ट पाहूच शकत नाही, त्याला ती दिसली नाही म्हणून ती नाही, असं कसं म्हणता येईल? डोकं दुखणाऱ्या माणसाचा सीटी स्कॅन स्वच्छ निघाला म्हणून त्याला अर्धशिशी नाही असं कोणी सांगत नाही. मग ओटीपोटालाच वेगळा न्याय का? दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा शरीराला दिसेल अशी इजा झालेली नसतानाही वेदना असू शकते हे त्यात ठेवलं आहे, आणि माणूस आपल्या वेदनेबद्दल जे सांगतो त्याचा मान राखावा असं सोबत नोंदवलं आहे.

मनाचा संबंध नाही, असं मी म्हणत नाही. दीर्घकाळ दुखणाऱ्या माणसाची झोप उडते, तो चिडतो, खचतो, ‘हे कॅन्सर असेल का’ या विचारानं रात्री घाम फुटून उठतो. (प्रोस्टेटचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हे त्याला एकदा स्वच्छ शब्दांत कोणी सांगितलं तर केवढा भार उतरेल.) भीतीनं स्नायू आणखी आवळतात, आवळले की आणखी दुखतं. मन आणि शरीर एकमेकांना असं खेचत असतात. पण म्हणून दुखणं काल्पनिक होत नाही. १९९६ च्या एका अभ्यासात या पुरुषांच्या आयुष्याची झालेली घसरण हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या, अंजायना असलेल्या आणि क्रोन्स डिसीज हा आतड्याचा आजार असलेल्या रुग्णांच्या बरोबरीची आढळली. हृदयविकाराच्या रुग्णाला ‘फिरून या’ असं सांगून घरी पाठवायची हिंमत आहे कोणाची?

मग दुखतं तरी काय? बऱ्याच जणांमध्ये, ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे पसरलेले स्नायू. माकडहाडापासून पुढे जघनास्थीपर्यंत ते मूत्राशय, प्रोस्टेट आणि गुदाशयाला खालून उचलून धरतात. मूठ आवळून दिवसभर ठेवली तर संध्याकाळी मनगटापर्यंत कळ येईल; हे स्नायू कित्येक पुरुषांमध्ये वर्षानुवर्षं तसेच आवळलेले असतात. दिवसभर खुर्चीत किंवा गाडीवर बसणं, लघवी दाबून धरणं, बद्धकोष्ठासाठी जोर लावणं, एखाद्या जुन्या संसर्गाची आठवण, सततची काळजी, यांतून ती सवय लागते. स्नायूंत गाठींसारखे दुखरे बिंदू तयार होतात आणि कळ भलतीकडेच उमटते: शिश्नाच्या टोकाला, वृषणात, मांडीत. २००९ साली स्टॅनफर्डच्या गटानं ७२ पुरुषांमध्ये हे बिंदू बोटानं दाबून पाहिले. तळाच्या काही स्नायूंवर आणि पोटाच्या पुढच्या स्नायूवर दाब दिला की शिश्नातलं नेहमीचं दुखणं पाऊणपेक्षा जास्त वेळा जसंच्या तसं उमटलं. म्हणजे कळ शिश्नात, पण तिचं मूळ स्नायूंत. वीर्यपतनानंतर कळ का येते, बसल्यावर का वाढते, गरम पाण्याच्या टबात बसल्यावर का उतरते, याचा उलगडाही इथेच होतो.

ही तपासणी करायला यंत्र लागत नाही, हातमोजा घातलेलं एक बोट लागतं. गुदद्वारातून तपासताना डॉक्टर बोट पुढच्या बाजूला प्रोस्टेटवर टेकवून काढून घेतात. तेच बोट डावी-उजवीकडे वळवून स्नायूंवर हलकेच दाबायला आणखी एक मिनिट लागतं. त्या मिनिटात रुग्ण म्हणतो, ‘हो, हेच ते!’ वर्षानुवर्षांच्या फाइलमध्ये जे निदान नव्हतं ते एका मिनिटात होतं. हे मिनिट का दिलं जात नाही? ओपीडीत गर्दी असते, हे मला माहीत आहे. पण तिसरा कोर्स समजावून सांगायला, दुसऱ्यांदा सोनोग्राफी करायला, पुन्हा आलेल्या त्याच रुग्णाला चौथ्यांदा पाहायला जो वेळ लागतो, तो याच्या कितीतरी पट असतो.

आणि स्नायूंचं नाव कानावर पडलं की लगेच दुसरा चुकीचा सल्ला हजर होतो: ‘केगल करा.’ डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंना बळकटी देण्यासाठी, लघवी सुटणाऱ्या स्त्रियांसाठी. आधीच आवळलेल्या स्नायूला रोज शंभर वेळा आणखी आवळायला सांगणं म्हणजे दुखणं वाढवणं. योगाच्या वर्गात मूळबंध आणि अश्विनी मुद्रा शिकवतात, ती क्रियाही आकुंचनाचीच. अशा पुरुषांनी ती निदान काही काळ बाजूला ठेवली पाहिजे. त्यांना शिकायचं असतं सोडणं: पोट फुगवून सावकाश श्वास, श्वास आत जाताना खालचा भाग मोकळा होतो याची जाणीव, बालासन, उकिडवं बसणं, मांडीच्या आतल्या आणि कुल्ह्याच्या स्नायूंचे ताण. त्याच्या जोडीला प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टनं बाहेरून आणि आतून ते दुखरे बिंदू हातानं सैल करणं.

‘याला इलाजच नाही’ असं म्हणणारे याच ठिकाणी गप्प व्हायला हवेत. २००९ साली स्त्री-पुरुष मिळून ४७ रुग्णांवर झालेल्या चाचणीत नेमकी स्नायूंवरची फिजिओथेरपी मिळालेल्यांपैकी ५७ टक्क्यांना फरक पडला, साध्या मालिशच्या गटात २१ टक्क्यांना. चीनमधल्या दहा रुग्णालयांत ४४० पुरुषांवर झालेल्या अॅक्युपंक्चरच्या चाचणीचा निकाल २०२१ साली आला: आठ आठवड्यांत २० बैठकांनंतर ६०.६ टक्के पुरुषांना लक्षणीय आराम, खोट्या सुया टोचलेल्या गटात ३६.८ टक्क्यांना. सगळ्यात मोलाचा विचार २००९ साली डॉ. डॅनियल शॉस्कस आणि डॉ. कर्टिस निकेल यांनी ‘यूपॉइंट’ या नावानं मांडला. प्रत्येक रुग्णात सहा गोष्टी वेगवेगळ्या पाहायच्या: लघवीचा त्रास, मनाची स्थिती, प्रोस्टेट किंवा मूत्राशयाचा सहभाग, खरा संसर्ग, मज्जासंस्थेची अतिसंवेदनशीलता आणि स्नायूंचा दुखरेपणा. ज्याच्यात जे सापडेल त्यावर तेवढा इलाज. या पद्धतीनं १०० पुरुषांवर केलेल्या उपचारांचे निकाल त्यांनी २०१० मध्ये छापले. ४३ गुणांच्या लक्षणमोजणीत निदान सहा गुणांची घट ८४ टक्क्यांमध्ये झाली. तुलनेसाठी दुसरा गट त्यात नव्हता, त्यामुळे हा आकडा अंतिम मानू नये. पण रोग्यागणिक इलाज बदलायचा हा त्यातला विचार कोण नाकारेल? एकच गोळी सगळ्यांना देऊन जमत नव्हतं, हे आधीच्या सगळ्या चाचण्यांनी सिद्ध केलंच होतं.

डॉक्टरांनी दार लावून घेतलं की माणूस कुठे जातो, हे रेल्वे रुळांकडेच्या भिंतींवर लिहिलेलं असतं. गुप्तरोग, वीर्यनाश, ‘लहानपणीच्या चुका’. हस्तमैथुनानं हे झालं असं त्याला तिथे सांगतात, आणि वीस-पंचवीस हजारांची भस्मं त्याच्या गळ्यात मारतात. अशा जाहिरातींना बंदी घालणारा कायदा १९५४ पासून आहे. हस्तमैथुनानं हे दुखणं होतं याला कसलाही आधार नाही. पण अपराधाचं ओझं घेऊन जगणारा माणूस ते दुखणं आणखी कोणाला सांगणार नाही, याची खात्री या भिंतींनी करून ठेवली आहे.

घरातही त्याला ऐकून घेणारं कोणी नसतं. ‘उष्णता झाली असेल, सब्जा घे, धन्याजिऱ्याचं पाणी पी.’ पाठ धरली म्हणून पुरुष रजा घेऊ शकतो. वृषण दुखतात म्हणून घेऊ शकतो का? मित्रांत त्याची थट्टा होईल, ऑफिसात खोटं कारण द्यावं लागेल. बायकोशी जवळीक टाळताना खरं कारण सांगायची लाज वाटते, आणि तिला वाटतं, याचं मन उडालं. स्त्रियांच्या ओटीपोटातल्या दुखण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दुर्लक्ष झालं आणि आजही होतं, याबद्दल बोलणाऱ्या बायका तरी आता पुढे आल्या आहेत. पुरुषानं हे सोसावं अशी अपेक्षा मात्र पुरुषांनीच धरून ठेवली आहे. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत शंभर प्रौढ पुरुषांपैकी दोन ते दहा जणांना अशी लक्षणं असल्याचं आढळतं. म्हणजे तुमच्या सोसायटीच्या प्रत्येक इमारतीत असा एखादा तरी आहे. तो लिफ्टमध्ये भेटतो, हसतो, आणि खुर्चीत बसायची वेळ आली की उभाच राहतो.

मुंबईत केईएममध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण १९५० च्या दशकात सुरू झालं. सत्तर वर्षांत या राज्यात फिजिओथेरपीची कितीतरी महाविद्यालयं उभी राहिली. तरी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या तज्ज्ञ शोधायला गेलं तर त्या बहुतेक बाळंतपणाच्या विभागात सापडतात, आणि पुरुष रुग्ण त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, कारण त्याला तिकडे पाठवणारी चिठ्ठीच कोणी लिहीत नाही. ती चिठ्ठी लिहायला कायदा बदलावा लागत नाही, नवं यंत्र आणावं लागत नाही. मूत्ररोगतज्ज्ञांनो, तिसऱ्या कोर्सचं नाव लिहायला उचललेलं पेन क्षणभर थांबवा. त्या माणसाला कुशीवर झोपवा, स्नायू तपासा, दुखतं कुठे ते त्याला दाखवू द्या, आणि त्याच कागदावर फिजिओथेरपी विभागाचं नाव लिहा.